नेकी, दरिया आणि हातिमताई

ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्याला आपल्याकडे सहज म्हटले जाते, "मोठा हातिमताई लागून गेलास!" बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला हातिमताई कोण, कुठला, हे ठाऊक असतेच असे नाही. काहींना होमी वाडियांचा १९५६ चा चित्रपट आठवतो, काहींना १९९० चा जितेंद्रचा. त्याच्या आधीच्या पिढीला मात्र हातिमताई भेटला तो किश्शाच्या पुस्तकातून. पिवळट कागदावर छापलेले ते पुस्तक घरातले कोणीतरी एक जण मोठ्याने वाचायचे आणि बाकीचे ऐकायचे.

हातिमताईचा किस्सा ही एक प्रेमकथाच आहे. तिला अद्भुतरम्य कादंबरी म्हणा, दास्तान म्हणा. तिच्यात एक अतिश्रीमंत तरुणी आहे, तिच्या विरहात रानोमाळ भटकणारा एक शहजादा आहे, पऱ्या आहेत, देव आहेत, तिलिस्म आहेत. पण एक गोष्ट विलक्षण आहे. या प्रेमकथेचा नायक प्रियकर नाही. नायक आहे एक दाता. दुसऱ्याच्या प्रेमासाठी तो सात सफरी करतो, सात वेळा जीव धोक्यात घालतो आणि जिंकलेली वधू ज्याची त्याच्या हाती देऊन निघून जातो. प्रेमाच्या गोष्टीत मध्यभागी दानशूर माणूस का आणून बसवला असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर किश्शाच्या मागे, इस्लामपूर्व अरबस्तानात जावे लागते.

खरा हातिम यमनचा शहजादा नव्हता. तो तय् या टोळीचा सरदार होता. 'ताई' हे त्याचे आडनाव नव्हे, तर टोळीची ओळख. तय् टोळीचा मुलूख म्हणजे अजा आणि सलमा या दोन डोंगरांचा परिसर. आजच्या सौदी अरेबियातील हाइल शहराच्या आसपास तो येतो. ही टोळी मूळची यमनकडची मानली जाई. किश्शातला हातिम यमनचा झाला त्याचे मूळ बहुधा इथेच असावे. त्याचा मृत्यू इ. स. ५७८ च्या सुमारास झाला असे मानतात. म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) तेव्हा अजून बालवयात होते. हातिम कवी होता, त्याच्या नावावरचा काव्यसंग्रह आजही उपलब्ध आहे.

वाळवंटात आतिथ्य ही चैन नव्हती. वाट चुकलेल्या मुसाफिराला रात्री कुणाच्या तंबूपुढची आग दिसली नाही तर तो मरायचा. आज ज्याने दार उघडले त्याच्यावर उद्या तीच पाळी येणार होती. म्हणून अरबांनी आतिथ्याला सर्वांत मोठ्या गुणाचा मान दिला आणि कवींनी ते गायले. उंट हे त्या समाजाचे धन. पाहुण्यासाठी उंट कापणे म्हणजे आपल्या भाषेत बैलजोडी विकून पंगत घालणे. हातिम हे पुन्हा पुन्हा करीत राहिला.

जुन्या अरबी ग्रंथांतून हातिमच्या ज्या कथा आल्या आहेत, त्यांत मला सर्वांत जास्त लक्षणीय वाटतात त्या त्याच्या घरातल्या स्त्रिया. त्याची आई इतकी सढळ हाताची होती की भावांनी तिची मालमत्ता ताब्यात घेऊन तिला वर्षभर कोंडून ठेवले. एवढ्याने तिला भुकेची जाणीव झाली असेल असे समजून त्यांनी तिला काही उंट परत दिले, तर दाराशी आलेल्या एका गरजू बाईला तिने ते सगळेच देऊन टाकले. भूक काय असते ते कळल्यावर आता कुणाला नाही म्हणणे शक्य नाही, असे तिचे म्हणणे होते. हातिमची मुलगी सफ्फाना हीदेखील तशीच. शेवटी बापालाच तिला सांगावे लागले की, एकाच धनावर दोन दाते नांदू शकत नाहीत.

आणि पत्नी माविया. ती स्वतः श्रीमंत आणि कुलीन. तिच्याकडे हातिम आणि आणखी दोघे मागणी घालायला आले. तिने गरीब बाईचा वेष घेतला आणि तिघांच्याही मुक्कामी जाऊन अन्न मागितले. दोघांनी तिला कापलेल्या उंटाचा टाकाऊ भाग दिला, हातिमने उत्तम मांस दिले. दुसऱ्या दिवशी तिने तिघांना जेवायला बसवले आणि प्रत्येकाच्या पुढे त्याने तिला दिले होते तेच वाढले. लग्न हातिमशी झाले.

गोष्ट इथे संपली असती तर ती गोड प्रेमकथा ठरली असती. पण जुने कथाकार प्रामाणिक होते. त्यांनी पुढचेही सांगितले. ज्या गुणावर माविया भाळली, त्याच गुणाने तिचा संसार उघडा पडला. त्या काळी पत्नीला नवऱ्याशी संबंध तोडायचा असेल तर ती तंबूचे दार फिरवून घेई. पूर्वेचे दार पश्चिमेला गेले की नवऱ्याने समजायचे. मावियाने एक दिवस तंबूचे दार फिरवले. हातिम मुकाट्याने मुलाला घेऊन दरीत उतरला. त्याच रात्री पाहुण्यांची एक मोठी टोळी नेहमीच्या जागी, म्हणजे मावियाच्या दारी, उतरली. ज्या नातलगाच्या सांगण्यावरून तिने हे पाऊल उचलले होते त्याच्याकडे तिने दासी पाठवली, तर त्याने हात वर केले. मग तिने हातिमकडे निरोप धाडला. त्याने आपले दोन उंट तिथेच कापले. ते पाहून माविया ओरडली की, मी तुला सोडले ते याचसाठी, तू पोरांसाठी काही म्हणता काही ठेवत नाहीस.

या तक्रारीला हातिमच्या चरित्रात समाधानकारक उत्तर नाही. दानशूराच्या घरात चूल पेटवणाऱ्या बाईला काय वाटते, हे तिने एका वाक्यात सांगून टाकले. दुसरी एक कथा त्याची पत्नी नवार हिच्या तोंडी येते. दुष्काळाची रात्र. मुले भुकेने रडत होती. नवरा-बायकोने आळीपाळीने त्यांना थोपटून कसेबसे झोपवले. इतक्यात शेजारीण आली, तिचीही पोरे उपाशी. हातिम उठला आणि त्याने आपला घोडा कापला. मग वस्तीतल्या प्रत्येक दाराशी जाऊन त्याने लोकांना उठवले. सगळे जेवले. हातिम मात्र चादर गुंडाळून बाजूला बसला होता. त्याने घासही घेतला नाही, आणि त्याला तर सर्वांत जास्त भूक लागली होती, असे नवार सांगते.

हातिमच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्याच्या घराण्याची गाठ इस्लामशी पडली. हिजरी ९, म्हणजे इ. स. ६३० मध्ये हजरत अली (र.) यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी तय् टोळीच्या मुलखात गेली. हातिमचा मुलगा अदी तेव्हा टोळीचा सरदार होता. तो सीरियाकडे निघून गेला, बहीण मागे राहिली आणि कैद्यांबरोबर मदीनेत आणली गेली. मस्जिदीजवळच्या आवारात कैद्यांना ठेवले होते. प्रेषित (स.) तिथून जाताना तिने उभे राहून विनंती केली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी तिची सुटका झाली. नुसती सुटका नव्हे, तर कपडे, वाहन आणि वाटखर्च देऊन तिला विश्वासू माणसांबरोबर पाठवण्यात आले. एका रिवायतीनुसार तिने आपल्या बापाची ओळख सांगितली होती. तो कैद्यांना सोडवीत असे, भुकेल्यांना जेवू घालीत असे, मागणाऱ्याला कधी परत पाठवीत नसे. त्यावर प्रेषितांनी (स.) हे गुण खऱ्या श्रद्धावंतांचे आहेत असे म्हटले. हातिम मुसलमान नव्हता, तरी त्याच्या चांगुलपणाचा मान राखला गेला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

बहिणीच्या सांगण्यावरून अदी मदीनेला आला. वाटेत एका वृद्ध बाईने प्रेषितांना (स.) थांबवले आणि ते बराच वेळ तिचे म्हणणे ऐकत उभे राहिले. अदीच्या मनात आले, हा काही राजा नव्हे. घरी गेल्यावर त्याला चामड्याची गादी बसायला दिली गेली आणि प्रेषित (स.) स्वतः जमिनीवर बसले. अदीने इस्लाम स्वीकारला.

याच अदीने पुढे एकदा आपल्या बापाबद्दल विचारले. माझे वडील नात्यागोत्याला जपत, लोकांना खाऊ घालत, त्यांचे काय? हदीसच्या संग्रहात नोंदलेल्या उत्तराचा आशय असा आहे की, तुझ्या वडिलांना एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांना मिळाली. ती गोष्ट म्हणजे नावलौकिक, असा खुलासा विद्वानांनी केला आहे.

किती सौम्य आणि किती नेमके उत्तर आहे हे! त्यात निंदा नाही, हातिमच्या दानाला खोटे ठरवलेले नाही. फक्त हिशेब पुरा झाला एवढेच सांगितले आहे. ज्याच्यासाठी दिले ते मिळाले. अरबस्तानात घरोघर नाव झाले, कवींनी गाणी रचली. येणे बाकी काही उरले नाही. नियत पाहून कर्माचे मोल ठरते, हे इस्लामचे मूळ सूत्र एका थोर माणसाला लावून दाखवले गेले.

आणि याच अदीकडून आणखी एक प्रसिद्ध हदीस आपल्यापर्यंत आली आहे. नरकाच्या आगीपासून स्वतःला वाचवा, मग ते अर्धी खजूर देऊन का होईना. तेवढेही नसेल तर एखादा चांगला शब्द बोलून. अरबस्तानातल्या सर्वांत मोठ्या दात्याच्या मुलाने सांगितलेले हे वचन आहे. बापाने उंटांचे कळप वाटले आणि मुलाने पुढच्या पिढ्यांच्या हाती ठेवली अर्धी खजूर.

माझे म्हणणे असे की, हातिमताईचा किस्सा म्हणजे या उत्तराला लोकांनी शेकडो वर्षांनी घातलेली पुरवणी आहे. लोकांना हातिम इतका आवडत होता की तो केवळ नावासाठी देणारा म्हणून उरावा हे त्यांना रुचले नसावे. कथाकारांनी त्याला हळूहळू बदलले.

सुरुवातीला कथा अरबीच राहिल्या. एक मुसाफिर हातिमच्या कबरीजवळ उतरतो, हा मेल्यावर आम्हाला काय जेवू घालणार, असे चेष्टेने म्हणतो. रात्री हातिम स्वप्नात येऊन त्याचाच उंट कापतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगा अदी नवा उंट घेऊन हजर होतो. मग फारसी लेखक आले. १२५७ साली पूर्ण झालेल्या 'बोस्तान'मध्ये सादींनी हातिमच्या घोड्याची गोष्ट घेतली. परराज्याचे दूत त्याचा अप्रतिम घोडा मागायला येतात आणि तो आदल्या रात्रीच त्यांच्याच जेवणासाठी कापलेला असतो. पंधराव्या शतकात हेरातचे हुसेन वाइज काशिफी यांनी हातिमच्या कथा एका पुस्तकात गोळा केल्या. त्यानंतर सात सवालांचा किस्सा तयार झाला. हिंदुस्तानात तो फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून इतर भाषांत गेला.

या किश्शाची सुरुवात हातिमपासून होत नाही. ती होते हुस्नबानूपासून. खुरासानच्या एका बड्या व्यापाऱ्याची ही एकुलती एक मुलगी. बाप मरतो. दुःखात बुडालेल्या पोरक्या मुलीच्या वाट्याला अपार संपत्ती येते. बादशहा तिला मुलीसारखी मानतो. शहरात एक दरवेश असतो, खुद्द बादशहाचा पीर. तो इतका पवित्र की जमिनीला पाय लागू देत नाही, सोन्याच्या विटांवरून चालतो. हुस्नबानू मोठ्या श्रद्धेने त्याला जेवायला बोलावते. दरवेश सोन्याची भांडी डोळ्यांत भरून घेतो आणि त्याच रात्री चेल्यांसह येऊन तिचे घर लुटतो. ती फिर्याद करते, तर बादशहा तिच्यावरच संतापतो. पीरावर आळ! तिला दाईसह रानात हाकलून देतात.

रानात एका झाडाखाली तिला स्वप्नात खुणेची जागा कळते आणि जमिनीत पुरलेला अफाट खजिना हाती लागतो. ती तिथे शहर वसवते, पुरुषवेषाने बादशहाचा विश्वास मिळवते, त्याच दरवेशाला पुन्हा जेवायला बोलावते आणि चोरी करताना मुद्देमालासह पकडून देते. त्यानंतर ती आपली संपत्ती मुसाफिरांसाठी खुली करते. तिच्या शहरात येणाऱ्याला जेवण मिळते, निवारा मिळतो, जाताना हातात काही पडते.

एका साध्या लोकप्रिय पुस्तकाने हे सांगितले आहे! सोंगाड्या पीर, त्याच्यापुढे आंधळा झालेला राजा, आणि लुटली गेल्यावरही दान न सोडणारी स्त्री. फसवणूक झाली म्हणून हुस्नबानूने हात आखडता घेतला नाही, फक्त डोळे उघडे ठेवायला शिकली. मागणी घालणाऱ्यांची रीघ लागल्यावर दाईच्या सल्ल्याने तिने सात सवाल ठेवले. धन पाहून येणाऱ्याला वाटेला लावण्याचा तो उपाय होता. मावियाने तीन जणांची परीक्षा घेतली होती, तिची ही दूरची बहीणच म्हणायची.

मुनीर शामी नावाचा शहजादा हुस्नबानूची तसबीर पाहून वेडा होतो, पण पहिल्या सवालालाच हरतो. रानात रडत बसलेला असताना हातिम त्याला भेटतो. हातिम त्याला धन देऊ करत नाही, कारण धनाने त्याचे काम होणार नसते. तो आपले पाय देतो, आपली वर्षे देतो. सगळे खुदाच्या वाटेत, असे सांगून निघतो. वाटेत पहिल्याच सफरीत एक लांडगा पाडस असलेल्या हरिणीच्या मागे लागलेला दिसतो. हातिम हरिणीला सोडवतो, पण लांडगाही भुकेला आहे हे त्याला दिसते. मग तो स्वतःच्या मांडीचे मांस कापून लांडग्याला देतो. आपल्याकडच्या शिबी राजाची आठवण व्हावी अशी ही गोष्ट. खऱ्या हातिमने दुसऱ्याला आपला घोडा दिला होता, किश्शातल्या हातिमने आपले अंग दिले.

सात सवालांपैकी दुसरा सवाल सगळ्यांत प्रसिद्ध आहे: नेकी कर, दरिया में डाल. असे कोण म्हणतो आणि त्याने काय नेकी केली, याची खबर आणायची. हातिमला एका नदीकाठी एक म्हातारा सापडतो. त्याच्या दारावर हे शब्द लिहिलेले असतात. म्हातारा सांगतो की तरुणपणी तो वाटमारी करीत असे, पण रोज दोन रोट्या करून खुदाच्या नावाने नदीत सोडत असे. एकदा मरणाच्या दारात असताना त्याला नरकाकडे ओढले जात होते, तेव्हा दोन तरुणांनी त्याला अडवून धरले. त्या दोघांची ओळख विचारली, तर ते म्हणाले, आम्ही तुझ्या त्या दोन रोट्या.

मासोळ्या नाव घेत नाहीत. मासोळ्या आभार मानत नाहीत, गावात जाऊन सांगत नाहीत. नदीत टाकलेल्या रोटीचा कोणी साक्षीदार नसतो. खऱ्या हातिमला जे मिळाले, म्हणजे नाव, नेमके तेच या म्हाताऱ्याच्या दानात मिळणे शक्य नव्हते. आणि किस्सा रचणाऱ्यांनी हातिमलाच त्या म्हाताऱ्याकडे शिकायला पाठवले. अरबांचा सर्वांत मोठा दाता एका जुन्या वाटमाऱ्याच्या दारी बसून दानाचा धडा घेतो. हा योगायोग मला वाटत नाही.

पाचवा सवाल कोहे-निदाचा, म्हणजे हाक मारणाऱ्या डोंगराचा. त्या डोंगराजवळच्या नगरात कबरस्तान नाही. डोंगरातून हाक येते आणि ज्याला हाक आली तो असेल तसा, हातातले टाकून धावत सुटतो. कोणी धरून ठेवू शकत नाही. हातिमही आपल्या सोबत्याला धरून ठेवू शकत नाही. ज्याला मागे काही टाकून जायचे आहे त्याने ते आधीच द्यावे, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. सातवा सवाल हम्मामे-बादगर्दचा. तिथे पोपटावर तीन बाण सोडायचे असतात. दोन बाण चुकतात आणि हातिमचे शरीर दगड होत जाते. तिसरा बाण तो डोळे मिटून, खुदाचे नाव घेऊन सोडतो आणि तो लागतो. तिलिस्म फुटतो, आधी दगड झालेले लोकही जिवंत होतात. मुनीर आणि हुस्नबानूचे लग्न लागते. हातिम आपल्या घरी जातो.

उर्दूत हा किस्सा छापील स्वरूपात आला तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजमुळे. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हिंदुस्तानी भाषा शिकवण्यासाठी १८०० साली हे कॉलेज निघाले. तिथे जॉन गिलख्रिस्टच्या देखरेखीखाली दिल्लीकडच्या मुन्शींनी सोप्या गद्यात पुस्तके लिहिली. हैदर बख्श हैदरी यांनी १८०१ च्या सुमारास फारसीवरून हातिमचा किस्सा 'आराइशे महफिल' या नावाने लिहिला. साहेबांच्या परीक्षेसाठी लिहिलेले पुस्तक लोकांनी उचलले. डंकन फोर्ब्जने १८३० मध्ये फारसी किश्शाचे इंग्रजी भाषांतर छापले. पुढे लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्यासारख्या छापखान्यांनी असे किस्से स्वस्तात घरोघर पोचवले. एका हिंदू छापखानेवाल्याने मुसलमानी किस्से, कुराण आणि पुराणे एकाच छताखाली छापली, हेही त्या काळाचे वैशिष्ट्य.

त्याच कॉलेजात मीर अम्मन यांनी १८०२ मध्ये 'बागो बहार' लिहिले. त्यातल्या दुसऱ्या दरवेशाच्या कथेत हातिम पुन्हा येतो. त्याची कीर्ती ऐकून फारसचा एक शहजादा ठरवतो की आपणही असेच नाव कमवावे. तो चाळीस दारांची इमारत बांधतो आणि प्रत्येक दारातून दान वाटतो. एक फकीर एकेक करून चाळीसही दारांतून मागून घेतो आणि पुन्हा पहिल्या दारी येतो. शहजादा चिडून त्याला लोभी म्हणतो. फकीर मिळालेले सगळे तिथेच टाकतो आणि सांगतो की सखी म्हणवून घेणे सोपे नाही. तुझ्याहून बसऱ्याची शहजादी बरी. चाळीस दारे बांधली होती, पण दात्याचे मन एकेचाळिसाव्या खेपेला पुरले नाही.

मराठीतही एकोणिसाव्या शतकात हातिमताई, गुलबकावली यांसारख्या कथा भाषांतरित होऊन आल्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या आरंभीच्या अद्भुतरम्य मराठी कादंबऱ्यांचा विचार करताना या फारसी-उर्दू किश्शांचा प्रभाव नाकारता येत नाही. पुढे वास्तववादी कादंबरी आली आणि या सगळ्यावर 'भाकडकथा' असा शिक्का बसला. मुसलमान समाजातही सुधारकांचे मत वेगळे नव्हते. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत बाप मुलाची किस्से-काव्याची पुस्तके जाळून टाकतो. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये स्त्रियांनी वाचू नयेत अशा पुस्तकांच्या यादीत अलिफ लैला, गुलबकावली यांचा समावेश आहे. त्यांचा हेतू चांगला होता. शिक्षण हवे होते, अंधश्रद्धा नको होती. पण सोंगाड्या पीराचे बिंग फोडणारी हुस्नबानूही त्याच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली गेली. अंधश्रद्धेविरुद्धचा एक चांगला साक्षीदार आपण आपल्या हाताने गमावला.

आज हा किस्सा पुन्हा काढून बसण्याचे कारण आहे. रमजान आला की आपल्या मोहल्ल्यांत रेशनची पाकिटे वाटली जातात, ईदला विधवांना कपडे दिले जातात, सामुदायिक विवाह होतात. हे सगळे चांगलेच आहे. यातून अनेक चुली पेटतात. पण पाकीट घेणाऱ्या बाईच्या हाताच्या वर देणाऱ्याचा हात, शेजारी चार पुढारी आणि समोर मोबाईलचा कॅमेरा, हे दृश्यही आता ठरून गेले आहे. पदर तोंडावर ओढणारी ती बाई त्या फोटोत असतेच. पाकिटातला तांदूळ आठ दिवसांत संपतो, फोटो राहतो. तिच्या मुलाच्या वर्गमित्राच्या मोबाईलमध्येही राहतो.

कुराणात उघड दानाला चांगलेच म्हटले आहे. पण गुपचूप गरिबाच्या हाती द्याल तर ते अधिक चांगले, असेही सांगितले आहे. आणि उपकार बोलून दाखवून, घेणाऱ्याला दुखवून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीदही दिली आहे. उघड दानाने दुसऱ्यालाही द्यावेसे वाटते, संस्थेचा हिशेब लोकांपुढे राहतो, हे खरे. तेव्हा हिशेब उघडा असावा. पण रुपये-पैशांचा हिशेब उघडा करण्यासाठी कुणाचा चेहरा उघडा करावा लागत नाही.

मावियाची तक्रारही विसरू नये. घरच्यांचा हक्क बुडवून बाहेर हातिमताई होणे याला इस्लामने पुण्य मानलेले नाही. आधी बायको-पोरे, मग नातलग, मग शेजारी, असा क्रम आपल्या धर्माने घालून दिला आहे. तंबूचे दार का फिरले, याचा विचार प्रत्येक दानशूराने एकदा करावा.

हातिमला जे हवे होते ते मिळाले. चौदाशे वर्षांनंतर मराठी माणूसही बोलता बोलता त्याचे नाव घेतो. तरीही लोकांना त्याच्यासाठी काहीतरी अधिक हवे होते, म्हणून त्यांनी त्याला नदीकाठच्या म्हाताऱ्याकडे पाठवले. आपल्यापैकी बहुतेकांकडे कापायला उंट नाहीत आणि झाडाखाली खजिनाही सापडणार नाही. हातिमच्या मुलाने सांगितलेली अर्धी खजूर मात्र प्रत्येकाच्या घरात असते. ती कुणाच्या हाती ठेवताना कॅमेरा खिशात ठेवला, तर ती दरियात पोचेल.